गप्प बसा, लोड होतंय!

तर झालं असं. गेल्या शनिवारी रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. लॅपटॉप, हेडफोनच्या भोकातून निघालेली एक वायर, आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला चार बोटं रुंद, वीतभर उंच अशी अॅल्युमिनियमची पट्टी. बटण दाबलं आणि घरभर, म्हणजे माझ्या छोट्या स्पीकरमधून, एक कर्कश चिरका आवाज सुरू झाला. पाण्याची मोटर, रातकिडे आणि फॅक्स मशीन यांचं त्रांगडं. लेक डोळे चोळत बाहेर आली. "आई, काय चाललंय?"

"अपडेट करतेय."

"मग ओरडतंय का ते? यूएसबी नाहीये का त्याला?"

नाहीये. आणि का नाही, हे तिला सांगता सांगता मी थेट १९७५ सालापर्यंत जाऊन पोचले. ती अर्थातच पाचव्या मिनिटाला झोपायला गेली. म्हणून आता तुमची पाळी. :)

आधी ती पट्टी म्हणजे काय ते सांगते, कारण नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून वाटतं की मी कॅसिओ वाजवते. मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे सुटे सुटे डबे. एक डबा नुसता स्वर काढतो, दुसरा त्याला गाळतो, तिसरा लहानमोठा करतो, आणि आपण वायरींनी त्यांची सोयरीक जुळवायची. १९६० च्या दशकात मूगची यंत्रं अशीच होती. (अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ साली डेव्हिड ट्यूडरनं मूग बसवला होता, त्यावर तिथल्या मंडळींनी केलेल्या ध्वनिफिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जरूर ऐका.) त्या यंत्रांत अपडेट करण्यासारखं काही नव्हतंच. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टर. आवाज बदलायचा तर सोल्डरिंग गन घ्या.

माझी पट्टी त्या मानानं पुष्कळ अलीकडची. नाव ब्रेड्स, म्हणजे वेण्या. पॅरिसमध्ये एमिली जिले नावाच्या बाईंनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स ही छोटी कंपनी काढली होती, तिचं हे अपत्य. आत एक प्रोसेसर आहे आणि आवाज काढण्याचं सगळं गणित तो करतो. म्हणजे त्याच्या पोटात एक प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो, तेच फर्मवेअर. (हा शब्द १९६७ मध्ये अॅशर ऑप्लर यांनी डेटामेशन मासिकातल्या एका लेखात घडवला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी म्हणून 'फर्म'. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड होता. शब्द मात्र पुढे जिथे तिथे चिकटला.)

माझा ब्रेड्स सेकंडहँड आणि आतला प्रोग्रॅम जुना. नव्या आवृत्तीत मला हवी असलेली एक गोष्ट होती, तिच्याकडे येतेच. तर अपडेटची रीत अशी: वेब्सवरून... छे, वेबवरून एक वेव्ह फाईल उतरवून घ्यायची. मॉड्यूलची खुंटी दाबून धरून वीज सुरू करायची. एफएम असं लिहिलेल्या इनपुटात वायर खुपसायची. आणि ती फाईल चक्क गाणं लावावं तशी लावायची. मॉड्यूल ते गाणं ऐकतं आणि ऐकता ऐकता स्वतःच बदलतं.

त्या गाण्यात काय असतं? सहा हजार हर्ट्झची एक शिट्टी. सेकंदाला ६००० लाटा, आणि प्रत्येक लाट कुठून सुरू होते याच्या चार तऱ्हा. चार तऱ्हा म्हणजे दोन बिट. झाले सेकंदाला १२००० बिट. जुन्या टेलिफोन मोडेमांची विद्याच आहे ही. दर २५६ बाइटांचं एक पाकीट, पाकिटाच्या शेवटी एक ताळा. ताळा जमला तर पुढे, नाही तर थांबा. अधूनमधून फाईलमध्येच उसंत ठेवलेली असते, कारण ऐकलेलं आतल्या फ्लॅश मेमरीत उतरवून घ्यायला मॉड्यूलला वेळ लागतो. शाळेत बाई शुद्धलेखन घालताना एक वाक्य सांगून थांबायच्या ना, अगदी तसं.

जिलेबाईंच्या सूचनांमध्ये एक ओळ आहे: हे चालू असताना कॉम्प्युटरवरून दुसरा कुठलाही आवाज, म्हणजे ईमेलची घंटी वगैरे, येणार नाही याची काळजी घ्या. मी ती वाचली. मान डोलावली. आणि निम्मं गाणं झालेलं असताना लॅपटॉप 'टिंग' असा वाजला. दादाचा निरोप होता: "झोपलीस का?"

मॉड्यूलनं तिथेच मान टाकली.

आता दादाच असावा, हा योगायोग की सूड, ते तुम्ही ठरवा. कारण या विषयात मी त्याची चाळीस वर्षांची गुन्हेगार आहे.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हौशी लोक घरी कॉम्प्युटर जोडायला लागले, तेव्हा लिहिलेला प्रोग्रॅम ठेवायचा कुठे हा मोठाच प्रश्न होता. वीज गेली की मेमरी कोरी. फ्लॉपी ड्राइव्ह परवडणारी नव्हती. पण कॅसेट रेकॉर्डर घरोघरी होता. प्रत्येकानं आपापली युक्ती काढली आणि अर्थातच कुणाची कॅसेट कुणाला चालेना. शेवटी बाइट मासिकानं नोव्हेंबर १९७५ मध्ये मिझुरीतल्या कॅन्सस सिटी इथे मंडळींना एकत्र बसवलं. तिथे ठरलं ते असं: शून्य म्हणजे १२०० हर्ट्झच्या चार लाटा, एक म्हणजे २४०० हर्ट्झच्या आठ लाटा. दोन्हींना लागणारा वेळ सारखाच. सेकंदाला ३०० बिट. आजच्या हिशेबानं हास्यास्पद, पण टेपचा वेग थोडा डगमगला तरी भागायचं, आणि मुख्य म्हणजे कुठलाही स्वस्त रेकॉर्डर चालायचा.

मला यातली गंमत ही वाटते की त्यांनी कॉम्प्युटरसाठी नवीन काही केलंच नाही. घरात गाण्यांसाठी आलेल्या यंत्राला आकडे गायला लावले. आणि एकदा आकडे गाणं झाले की गाणं जिथे जिथे जातं तिथे तेही जायला लागले. मे १९७७ मध्ये इंटरफेस एज या मासिकाच्या अंकात प्लास्टिकची पातळ तबकडी घालून दिली होती. रेकॉर्ड प्लेअरवर लावायची, आणि त्यातून मोटोरोला ६८०० साठीचं बेसिक मशीनमध्ये उतरायचं. नाव काय, तर फ्लॉपी-रॉम! नेदरलँड्समध्ये एनओएसच्या हॉबीस्कूप या कार्यक्रमातून रेडिओवर प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांवर चालावेत म्हणून बेसिकोड नावाची सामाईक बोली ठरवली होती. बेलग्रेडच्या रेडिओ २०२ वर 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात झोरान मोडली १९८३ पासून हेच करायचे. श्रोत्यांनी टेप लावून ठेवायचा, निवेदक सांगणार आता ऐका, आणि मग ती चिरचिर. हजारो घरांत एकाच वेळी. बातम्या, गाणी, आणि प्रोग्रॅम. आपल्या विविध भारतीवर हे झालं असतं तर श्रोत्यांनी फर्माइशीची पत्रं काय लिहिली असती, याचा मी बराच वेळ विचार केला. असो.

आमच्या घरी हे गाणं १९८६ मध्ये आलं. मामानं मस्कतहून झेडएक्स स्पेक्ट्रम आणला होता. रबरी बटणांचा, वहीएवढा. तो घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा आणि टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून वायर आणून त्याच्या पाठीत घालायची. जे हे बटण दाबलं की 'लोड' असा अख्खा शब्द उमटायचा. मग टेप सुरू. आधी एक लांबच लांब सूर, मग चिरचिर. टीव्हीच्या कडेला पट्टे धावायचे. ते लाल, निळे, पिवळे असतात हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, आमचे करड्या रंगाचेच होते. पूर्ण मेमरी भरायला पाचेक मिनिटं लागायची, आणि चौथ्या मिनिटाला 'टेप लोडिंग एरर' आला की दादा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टू-इन-वनच्या हेडचा स्क्रू पिळायचा. कानानंच. चिरचिर जास्तीत जास्त धारदार ऐकू आली की हेड जुळलं.

आणि लोड होताना कुणी बोलायचं नाही! आवाज वायरीतून जायचा, खोलीतल्या बोलण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण दादा बोट ओठांवर ठेवून डोळे वटारायचा आणि आई, मी, शेजारचे दोघं, सगळे श्वास रोखून बसायचो. "गप्प बसा, लोड होतंय!" आई तर कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक करायची.

आई गाणं शिकवायची. घरात पेटी होती आणि पेटीचा गांधार चढा लागतो ही तिची कायमची तक्रार. दादा अकरावीत होता, त्यानं ते मनावर घेतलं. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये बीप म्हणून आज्ञा असे. आधी किती सेकंद, मग मधल्या सा पासून किती अर्धस्वर वर. आणि तो दुसरा आकडा अपूर्णांकातही चालायचा! पेटीवर सा ते गांधार बरोबर ४ अर्धस्वर. पण तंबोऱ्यातून ऐकू येतो तो गांधार सा च्या सव्वापट. दादानं शाळेतलं लॉग टेबल काढलं. १.२५ चा लॉग ०.०९६९, २ चा ०.३०१०. भागा, १२ नं गुणा. आलं ३.८६. असं एकेक करून त्यानं बावीस श्रुतींचा तक्ता टाईप केला आणि एका रविवारी सकाळी आईला समोर बसवलं. स्पेक्ट्रमच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून, डबड्यात अडकलेल्या माशीसारख्या आवाजात, सा आणि मग गांधार वाजला. आईनं डोळे मिटले. परत वाजवायला सांगितला. म्हणाली, "हा बरोबर आहे."

पंधरा दिवसांत मी त्या कॅसेटवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली.

कॅसेटच्या मागच्या दोन चौकोनी टिकल्या तोडलेल्या असत्या तर भरली गेली नसती. पण दादा प्रोग्रॅम अजून सुधारणार होता, म्हणून त्यानं त्या तोडल्या नव्हत्या. वरती नावही लिहिलेलं नव्हतं, आणि वाजवून पाहिली तर नुसती चिरचिर. मला वाटलं खराब झालेली कॅसेट आहे. दादा ओरडला नाही. तेच वाईट. वहीतले आकडे परत टाईप करीन म्हणाला, मग बारावी आली, मग इंजिनियरिंग, मग घर बदललं आणि वही रद्दीत गेली. मला त्यातला एकच आकडा आठवतो, कारण तो त्यानं तेव्हा दहा वेळा म्हणून दाखवला होता. ३.८६.

याच काळात सिंथेसायझरवालेही कॅसेटच्या मागे लागले होते. कॉर्गचा पॉलीसिक्स १९८१ चा, ३२ आवाज लक्षात ठेवायचा. रोलँडचा जुनो-६० १९८२ चा, ५६ ठेवायचा. जास्त हवे असतील तर मागे टेपची भोकं होती, कॅसेटवर उतरवा. पण तो वादकाचा माल झाला, म्हणजे कुठलं बटण कुठे. यंत्राचा स्वतःचा प्रोग्रॅम ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असायचा. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी काढलेली ही चिप. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असायची, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवली की कोरी व्हायची. अपडेट करायचं म्हणजे डबा उघडायचा, चिप उपटायची, नवी बसवायची. सामान्य माणूस त्या वाटेला जात नसे. पुढे फ्लॅश मेमरी आली (तोशिबाचे फुजिओ मासुओका, १९८४), ती विजेनंच पुसता येते, तेव्हा कुठे घरबसल्या अपडेट शक्य झालं.

मग प्रश्न उरला, नवा प्रोग्रॅम आत न्यायचा कुठून? लेकीचा प्रश्न हाच. यूएसबी लावायची तर वेगळा जोड हवा, पट्टीवर जागा हवी, विंडोजसाठी आणि मॅकसाठी प्रोग्रॅम हवेत, आणि ते दर चार वर्षांनी जुने होणार. उलट मॉड्यूलला आवाज आत घ्यायची भोकं आधीच असतात आणि ते मोजायची चिपही आत असतेच. कॉर्गनंही आपल्या छोट्या मोनोट्राइबला असंच, आवाज ऐकवून, अपडेट दिलं होतं. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. माझ्याकडे २००५ सालचा एक प्रिंटर आहे, त्याला आज कुठलाच लॉपटॉप ओळख देत नाही. पण वेव्ह फाईल वाजवणारं काहीतरी घरात नेहमीच असतं. (फोनमधली हेडफोनची भोकं जायला लागली हे खरं. आणि तीच फाईल कुणी एमपीथ्री करून पाठवली तर संपलं. कानाला फरक कळत नाही, मॉड्यूलला कळतो.)

शिवाय मधेच घोळ झाला तरी मॉड्यूल मरत नाही. ऐकणारा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या कोपऱ्यात असतो, त्याच्यावर काही लिहिलं जात नाही. बाकी सगळं पुसलं गेलं तरी ऐकण्यापुरता तो शाबूत. बटण दाबा, गाणं पहिल्यापासून लावा.

आणि त्याहून मोठी गोष्ट. जिलेबाईंनी हा सगळा कोड खुला ठेवला, एमआयटी परवान्याखाली. सर्किटसुद्धा. त्यामुळे लोकांनी स्वतःची फर्मवेअरं लिहिली, ब्रेड्ससाठी 'बीज इन द ट्रीज' नावाचं एक आहे. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स २०२२ मध्ये बंद झाली. ब्रेड्स तर त्याच्या कितीतरी आधी बनायचा थांबला होता. पण कोड आहे. नवा प्रोग्रॅम नाही आवडला तर जुनाही परत ऐकवता येतो. मी शनिवारी बटण दाबायच्या आधी हे दोनदा तपासून घेतलं. माझ्या हातून पुसलं गेलेलं परत येतंच असं नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे.

आता मला हवं होतं ते. ब्रेड्समध्ये स्वरांना ठरावीक सप्तकात बसवण्याची सोय आहे. सुरुवातीला त्यात अर्धस्वर आणि पाव स्वर एवढंच होतं. पुढच्या आवृत्तीत यादी वाढली आणि तीत चक्क राग आले. भैरव, मारवा, यमन, दरबारी, अगदी रविशंकरांचे परमेश्वरी आणि कामेश्वरीसुद्धा. (बाईंच्या आधीच्या एका यंत्राचं नावच श्रुती-१ होतं.) ब्रेड्सचा पडदा चार रोमन अक्षरांचा, त्यामुळे नावं तोडलेली. भीमपलासीचा 'भीम', मालकंसाचा 'कौन', आणि भैरवाचा 'भाई'.

कोड खुला असल्यामुळे मी ती फाईल उघडून पाहिली. एका अर्धस्वराचे १२८ भाग केलेत. भैरवाची ओळ: ०, ११५, ४९४… गांधारापाशी ४९४. मी कॅल्क्युलेटर काढला. ४९४ भागिले १२८.

३.८५९.

म्हणून शनिवारी रात्री ते अपडेट करायचंच होतं, आणि म्हणून दादाच्या त्या 'टिंग'वर मी इतकी चिडले. त्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्यामुळे माझं लोडिंग फुकट गेलं.

"कसलं लोडिंग?"

"ऐक," म्हटलं. लॅपटॉपच्या सगळ्या घंट्या बंद केल्या, फोन स्पीकरजवळ ठेवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. पलीकडे दादा एक अक्षर बोलला नाही. काही विचारलंही नाही. चिरचिर, उसंत, चिरचिर, उसंत. मागे कुणीतरी भांडी वाजवली तर त्यानं "श्श!" केलेलं मला ऐकू आलं. संपल्यावर पडदा उजळला, मी यादी फिरवत फिरवत 'भाई'वर आणली, आणि सा, मग गांधार वाजवला.

"तीन पूर्णांक शहाऐंशी," मी म्हटलं.

बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "थांब, आई जागीच आहे," आणि फोन आत नेला. आई आता ब्याऐंशीची आहे, ऐकू जरा कमी येतं. मी सगळं सप्तक सावकाश वाजवलं. परत वाजव म्हणाली. परत वाजवलं.

"गांधार बरोबर आहे," आई म्हणाली. "रिषभ मात्र नुसता उभा आहे. भैरवाचा रिषभ असा असतो का? डोलायला पाहिजे तो."

"आई, ती फॅक्टरीतनं तशीच यादी आलीय," मी म्हटलं. "आणि कंपनी बंद झाली."

"मग?" मागून दादा म्हणाला. "कोड आहे ना तुझ्याकडे? पाठव मला. आणि ए, एमपीथ्री नको करूस."